साताऱ्यात साडेअकरा

दिगू, काल तुझ्या घरी मी पुन्हा ती घड्याळाची गोष्ट सांगितली, आणि लोक पुन्हा हसले.

तू जाऊन सोळा दिवस झाले. हॉलमध्ये तुझा फोटो, खुर्च्या कमी पडल्या म्हणून जिन्याच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं, आणि मधोमध उभा मी. अनुजाच मागे लागली होती. "काका, प्लीज, ती क्लॉकवाली स्टोरी सांगा ना. बाबांना ती इतकी आवडायची." तुझी लेक चाळिशीची झाली तरी मला तिला नाही म्हणता येत नाही. उभा राहताना मनाशी पक्कं केलं होतं की आज खरं काय ते सांगायचं. पण तोंड उघडलं आणि इतक्या वर्षांची सवय बाहेर पडली. कुठे थांबायचं, कुठे मनगट वर करून दाखवायचं, सगळं पाठ. शेवटच्या वाक्याला जिन्यावरचे लोकही हसले. अनुजा हसता हसता रडली. मी खाली बसलो आणि मला माझीच लाज वाटली.

म्हणून हे लिहितोय. तुला त्या दिवसाबद्दल नवीन असं काही सांगायचं नाही, तुला सगळं माहीतच होतं. फक्त मलाही माहीत होतं, हे मी तुला कधी बोललो नाही.

तुझ्याआधी चार वर्षं मी अमेरिकेत, सांता क्लाऱ्यात आलो होतो, आणि ते मी तुला कधी विसरू दिलं नाही. तुला विमानतळावरून आणलं मी, गाडी शिकवली मी, कुठल्या दुकानात हिंग मिळतो ते दाखवलं मी. ऑफिसात साहेबाला पहिल्या नावानं हाक मारायची हेही मीच शिकवलं, तरी तू सहा महिने 'सर' म्हणत होतास. थोडक्यात काय, मी मोठा आणि तू धाकटा, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. तू कधी हरकत घेतली नाहीस. पण डोंगराशी गाठ पडली की हे सगळं उलटं व्हायचं. मी नागपूरचा. आमच्याकडे थंडी म्हणजे जानेवारीत पंधरा दिवस स्वेटर, बाकी वर्षभर ऊन. तू साताऱ्याचा. घरामागे अजिंक्यतारा, शाळेच्या आधी किल्ल्यावर जाऊन यायचं आणि मग आंघोळ. मी तोवर आयुष्यात चढलेली सगळ्यात उंच गोष्ट म्हणजे कॉलेजच्या पाण्याच्या टाकीची शिडी.

तू कुठून तरी ते सरकारी नकाशे आणलेस, उंची दाखवणाऱ्या तपकिरी रेषांचे. स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरून बसायचास. मला वाटलं, प्रसिद्ध शिखरं शोधतो आहेस. तर नाही. तुला बिननावाची हवी होती. सिएरा नेवाडाच्या रांगेत असे कितीतरी डोंगर आहेत, ज्यांना नकाशावर नाव नाही, नुसता उंचीचा आकडा. तू त्या आकड्यांवर बोट ठेवून म्हणायचास, "शरद, याच्यावर कोणी जात नसणार. आपण जाऊ." मी म्हणायचो, "कोणी जात नाही याला काही कारण असेल ना, यार." तू म्हणायचास, "नाव नाही हेच कारण. नाव असतं तर लोक फोटो काढायला गेले असते."

मग आपण नावं द्यायला लागलो. नियम तुझा होता. माथ्यावर जो डबा उघडायचा, ते त्या डोंगराचं नाव. त्यामुळे जगाला माहीत नसलं तरी सिएरात थालीपीठ नावाचा एक डोंगर आहे, त्याच्या उत्तरेला दडपे पोहे, आणि तळ्यापलीकडे तिखटमिठाच्या पुऱ्या. एकाचं नाव शिळी इडली, त्या आठवड्यात माझी उषा माहेरी गेली होती. तू पेन्सिलीनं नकाशावर बारीक अक्षरात लिहायचास. एकदा गाडीपाशी एक म्हातारा स्कीवाला तुझ्या खांद्यावरून नकाशात डोकावला आणि म्हणाला, हे कसलं काम चाललंय. तू गंभीर चेहऱ्यानं सांगितलंस, "फूड रिसर्च." तो मान डोलावून गेला. मला परतीच्या वाटेवर गाडी बाजूला घ्यावी लागली, इतका हसत होतो.

मार्च ते मे. पहाटे चारला निघायचं, सात-साडेसातला घाटातला रस्ता जिथे बर्फानं बंद असेल तिथे गाडी लावायची, आणि संध्याकाळी जेवायला घरी. तंबू नाही, मुक्काम नाही. सोमवारी ऑफिस. तुझी ती खाकी स्टेशन वॅगन, हीटर चालू केला की त्यातून भाजक्या धुळीचा वास यायचा. मोज्यांवर पावाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायच्या, म्हणजे बूट भिजले तरी पाय कोरडे. डोक्याला माझी नागपुरी माकडटोपी, हातात कुणाच्या तरी गराज सेलमधून आणलेल्या दोन जुन्या आइस ॲक्स, बर्फात रोवायच्या कुऱ्हाडी. त्यांतली चांगली तू मला दिलीस आणि लाकडी दांड्याची स्वतःकडे ठेवलीस. उषा म्हणायची, "बर्फच बघायचाय तर फ्रीज उघडा की, त्यासाठी चार तास गाडी कशाला हाकायची?" आणि तुझ्या घरी सुनंदावहिनी काही न बोलता डबा भरून द्यायच्या. आपल्या डोंगरांची निम्मी नावं त्यांनीच ठेवली म्हणायची.

आता त्या घड्याळाचं सांगतो. तुला नाही, हे वाचणाऱ्यांना. वसंतातला बर्फ रात्री गोठून दगड होतो. सकाळी त्यावर खुशाल चालावं, बूट आपटला की पायरी होते. ऊन चढलं की तोच बर्फ मऊ पडतो, पाय मांडीपर्यंत आत जातो, आणि चढ उभा असेल तर अख्खा थर खाली यायची भीती. म्हणून सकाळचे अकरा वाजले की कुठेही असलो तरी मागे फिरायचं, हा तुझा कायदा. आणि तुझ्या मनगटावर ते आईंनी दिलेलं चावीचं घड्याळ होतं, जे तू अमेरिकेच्या वेळेवर कधी लावलंच नाहीस. "आई आत्ता काय करत असेल ते बघितलं की कळतं," म्हणायचास. इथले सकाळचे अकरा म्हणजे साताऱ्यात रात्रीचे साडेबारा. त्यामुळे आपला कायदा असा झाला, की साताऱ्यात साडेबारा वाजले की परत.

तेव्हा एप्रिलअखेर इथलं सरकार घड्याळ एक तास पुढे ढकलायचं. पहिल्या वर्षी मी गोंधळलो, तेव्हा तू पेपर नॅपकिनवर काढून दाखवलंस. आकाशातला सूर्य होता तिथेच राहतो, बर्फही त्याच्याच वेळेनं वितळतो, बदलतात ती फक्त इथली घड्याळं. मग बर्फासाठी कुणाचं घड्याळ खरं? जे बदलत नाही ते. म्हणजे साताऱ्याचं. माझ्या घड्याळात आता अकराऐवजी बारा वाजेपर्यंत वर जाता येईल, तुझ्यात मात्र तेच साडेबारा. "सोपं आहे की," म्हणालास. तुझ्यासाठी सोपंच होतं. कॉम्प्युटरच्या चिपमधली घड्याळं जुळवणं हे तर तुझं पोटापाण्याचं काम. एवढं सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

तो एप्रिलचा शेवटचा रविवार. त्याच पहाटे घड्याळं पुढे गेली होती. मी माझं डिजिटल घड्याळ गाडीत बसल्या बसल्या बटणं दाबून पुढे केलं, आणि तू बघून म्हणालास, "शाब्बास." तू निवडलेला डोंगर नेहमीसारखाच बिननावाचा. आधी झाडी, मग दोन गोठलेली तळी, आणि वरच्या तळ्याच्या मागे एक उभा पांढरा उतार थेट माथ्यापर्यंत. नकाशावर त्या रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या. मी विचारलं होतं, याचा अर्थ काय. तू म्हणालास, "जरा चढ आहे."

त्या उताराच्या मध्यावर माझा पाय सुटला. फार नाही, आठ-दहा फूट गेलो असेन, आणि तू मारून ठेवलेल्या एका पायरीत बूट अडकून थांबलो. तू वरून विचारलंस, "ठीक?" मी म्हटलं, "एकदम." उठलो, अंग झटकलं, काहीतरी विनोदही केला. पण त्यानंतर माझ्यात काहीतरी बिघडलं. चढत होतो, पण प्रत्येक पायरीला खाली तळं दिसत होतं. माथ्याची कड स्पष्ट दिसायला लागली, अगदी हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ, आणि माझे पाय थरथरायला लागले. थंडीनं नव्हे. गुडघ्यापासून खाली आपले आपण, शिवणयंत्रासारखे. मी दोन्ही हात बर्फात खुपसून उभा राहिलो. तू मागे वळून बघितलंस तेव्हा मी म्हणालो, "थांब, एक फोटो काढतो." कॅमेरा पाठीवरच्या पिशवीत होता आणि हात बर्फात.

तू माझ्याकडे बघितलंस. मग माझ्या पायांकडे. मग जाकिटाची बाही वर करून स्वतःच्या घड्याळाकडे. मी तुझ्या खालीच होतो, दिगू, मला तबकडी दिसली. साडेअकरा. अजून एक तास होता. बर्फ दगडासारखा होता. तू बाही खाली ओढलीस, अगदी मनगटापर्यंत, आणि वरून हातमोजा चढवलास. आणि मला विचारलंस, "तुझ्या घड्याळात किती?"

मी म्हटलं, "अकरा."

"संपलं. अकरा म्हणजे अकरा. चल परत."

यानंतर मी जे केलं त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. परत फिरायचं ठरलं म्हणताच माझ्या जिवात जीव आला, आणि जिवात जीव येताच माझी जीभ सुटली. मी भांडायला लागलो. "अरे, हे नवीन अकरा आहेत. आपला कायदा साताऱ्याचा ना? अजून तास आहे आपल्याकडे. इतक्या जवळ येऊन कोणी परत जातं का?" मोठ्यानं बोललो, म्हणजे तुला ऐकू जाईल आणि मलाही. पाय थरथरत होतेच. तू एवढंच म्हणालास, "नियम म्हणजे नियम."

आणि मग तू माझ्या खाली गेलास. तोंड डोंगराकडे करून, शिडी उतरतात तसं. माझा एकेक बूट हातानं धरून पायरीत बसवत होतास. "हा. आता डावा. हा." आणि मधे तुझ्या आईंची गोष्ट सांगत होतास. शेजारच्या बाईंनी वरवंटा नेला, परत दिला नाही, त्यावरून आईंनी दोन वर्षं अबोला धरला, हळदीकुंकवाला समोरासमोर बसूनही एकमेकींशी बोलायच्या नाहीत, मधे दुसऱ्या बायका निरोप्याचं काम करायच्या. तू दोघींचे आवाज काढत होतास. मी हसलो, त्या उतारावर, खरंच हसलो. तळ्याच्या काठाला पाय टेकले आणि तू गोष्ट थांबवलीस. तो वरवंटा परत मिळाला की नाही, मला अजून माहीत नाही. आता विचारायलाही कोणी नाही.

डबा गाडीपाशी उघडला, मागचं दार वर करून, पाय खाली सोडून. गूळपोळ्या होत्या. माथ्यावर उघडला नाही म्हणून त्या डोंगराला नाव नाही. तू नकाशा काढलास, त्या आकड्यावर पेन्सिल टेकवलीस, आणि काही न लिहिता घडी घातलीस. मला वाटलं, आता तू काहीतरी बोलशील. "भीती वाटते रे कधी कधी," असं काहीतरी. तू बोलला असतास तर मी तुझा जीव घेतला असता, हेही खरं. तू म्हणालास, "तूप कमी पडलंय का रे?"

पुढच्याच शनिवारी कुणाच्या तरी घरी पॉटलक होतं, प्रत्येकानं एकेक पदार्थ न्यायचा, आणि तिथे मी पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली. मला कुणी विचारलं नव्हतं. पण तू आधी काही बोलशील या धास्तीनं मीच सांगून टाकली. "ऐका, हे आमचे घड्याळवाले इंजिनिअर. दुसऱ्यांना नॅपकिनवर गणित काढून दाखवतात. आणि स्वतः माथ्याच्या खाली उभे राहून, मनगटावर साताऱ्याचं घड्याळ असताना, माझं घड्याळ बघून म्हणतात, अकरा वाजले." लोक लोटपोट. मी तिरक्या नजरेनं तुझ्याकडे बघितलं. तू कानामागे खाजवलंस आणि म्हणालास, "चुकलं यार. होतं असं."

तिथे मला कळलं की तू कधीच सांगणार नाहीस. आणि मी, ज्याला त्या क्षणी तुझे पाय धरायला हवे होते, तो निर्धास्त झाला. मग काय, दर गणपतीला, दर दिवाळीला, कुणी नवीन आलं की, "अरे दिगूची ती घड्याळाची सांग ना." गोष्ट वाढत गेली. माथा जवळ जवळ येत गेला, आधी दोनशे फूट, मग पन्नास, शेवटी शेवटी तर हात लावायचाच बाकी होता. तू प्रत्येक वेळी हसलास. मला वाटायचं, आता याला आवडतेच आहे तर काय हरकत आहे. माणूस स्वतःला काय काय पटवून देतो.

तू मात्र दर एप्रिलला विचारायचास. "ती राहिलेली टेकडी करायची का यंदा?" कधी जोर करून नाही, चहा ओतता ओतता. आपण त्यानंतरही चार-पाच वर्षं जात होतो, नवे डोंगर, नवी नावं, सोपे उतार. पण त्याचं नाव काढलं की माझं गुडघ्याचं दुखणं, नाहीतर मुलाची सॉकरची मॅच, नाहीतर पावसाचा अंदाज. मग मुलं मोठी झाली, रविवार मराठी शाळेत जायला लागला, आणि आपले डोंगर थांबले. तुझं विचारणं थांबलं नाही. मला कळत होतं तू का विचारतोस. तुला माथा नको होता. तुला मी तिथे पोचायला हवा होतो, म्हणजे ती गोष्ट सांगायची मला गरज उरली नसती.

आणखी एक राहून गेलंय. तुझ्या आई गेल्या त्या वर्षी मी तुला म्हणालो होतो, "आता ते घड्याळ इकडच्या वेळेवर लाव. तिकडे कोण आहे आता?" कसा बोललो कुणास ठाऊक. आपलं तेव्हा परत जाण्यावरून भांडण चालू होतं. तू म्हणायचास पाच वर्षांनी साताऱ्याला जाणार, मी म्हणायचो, दर पाच वर्षांनी तू हेच म्हणतोस. त्याच्या भरात बोललो. तू चावी दिलीस, दोन-तीन वेढे, आणि म्हणालास, "सवय झालीय. शिवाय बर्फाला लागतं ना." तेव्हा बर्फात जाणं बंद होऊन वर्ष झालं होतं. त्या वाक्याबद्दल मी माफी मागितली नाही. आत्ता मागतो. उशीर झालाय, पण माझ्याकडे दुसरी वेळ उरलेली नाही.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात तू डोळे मिटून पडला होतास. मला वाटलं झोप लागली, म्हणून मी उठायला लागलो. तू डोळे न उघडता म्हणालास, "यंदा?" मला कळलं काय विचारतोस. मी म्हटलं, "यंदा नक्की." तू हसलास. दोघांनाही माहीत होतं की मी खोटं बोलतोय. तिथे तरी सांगता आलं असतं. खोलीत कुणी नव्हतं, आणि बोलायला एक मिनिट पुरलं असतं. मी तुझी चादर सारखी केली आणि निघालो.

तर, काल. लोक गेले, उषा खुर्च्या गोळा करत होती, आणि मी तोंड लपवायला स्वयंपाकघरात गेलो. सुनंदावहिनी चहा गाळत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? ती गोष्ट तुम्ही सांगता, त्या दिवसाच्या आदल्या रात्री यांनी घरातली सगळी घड्याळं पुढे केली होती. भिंतीवरचं, ओव्हनचं, बाहेर जाऊन गाडीतलंसुद्धा. मला समजावत समजावत. आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणतात, माझा गोंधळ झाला. मला कधी पटलं नाही ते."

मी म्हटलं, "मग तुम्ही विचारलं नाहीत?"

"विचारलं एकदा. तर म्हणाले, होतं गं असं. मग मी समजले." त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. "वर जाऊन भीती वाटली असेल यांना. पुरुषमाणूस, कसं सांगणार? म्हणून मी पुन्हा तो विषय काढला नाही. तुम्ही सगळे हसायचात तेव्हा मीही हसायचे, म्हणजे यांना शंका यायला नको."

दिगू, मला वाटत होतं तू फक्त चार लोकांत हसं करून घेतलंस. तू घरातसुद्धा, स्वतःच्या बायकोपुढे, माझी भीती अंगावर घेऊन राहिलास. इतकी वर्षं त्या तुला सांभाळून घेत होत्या, आणि तू मला. आणि मी मधे उभा राहून मनगट वर करून दाखवत होतो.

"वहिनी," मी म्हटलं, "घाबरलो मी होतो."

सगळं सांगितलं. पाय, फोटोचं सोंग, बाही, हातमोजा, एकेक बूट हातात धरून उतरवणं. वहिनी चहाच्या गाळण्याकडे बघत ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "मग इतकी वर्षं हसलात कशाला हो?" त्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. त्यांनी पदराला हात पुसले आणि अनुजाला हाक मारली. "इकडे ये. काका काय सांगतात ते ऐक. भाऊजी, आता हिलाही सांगा. हळू सांगा, म्हणजे तिला सगळं कळेल."

तर मी दुसऱ्यांदा सांगितलं. फार वाईट सांगितलं. कुठे थांबायचं ते कळत नव्हतं, मधलं आधी आलं, आधीचं राहूनच गेलं. कोणी हसलं नाही. अनुजाच्या हातात तुझं घड्याळ आहे, माहीत आहे का तुला? सैल होतं तिला, कोपरापर्यंत वर सरकतं. ती रोज चावी देते. ऐकता ऐकता तिनं ते खाली ओढून बघितलं आणि म्हणाली, "सो बाबा न्यू. ही न्यू द राइट टाइम."

"हो," मी म्हटलं. "त्याला बरोबर माहीत होतं."

तिनं घड्याळ पुन्हा वर सरकवलं. मग तुझ्या कपाटातून नकाशा घेऊन आली, घड्यांवर फाटलेला, चिकटपट्ट्या लावलेला. टेबलावर पसरला. थालीपीठ, दडपे पोहे, शिळी इडली, सगळी तुझ्या बारीक अक्षरात. आणि वरच्या तळ्यामागे तो नुसता आकडा. त्याच्याशेजारी पेन्सिलीचा एक ठिपका आहे, तू टेकवून उचललेला. वहिनींनी पेन्सिल माझ्यापुढे केली. "लिहा काय ते."

मी लिहिलं, साताऱ्यात साडेअकरा. जागा कमी पडली, शेवटची अक्षरं तळ्यात गेली. अक्षर वाकडं आलंय, समजून घे. पेन्सिल मी सोडली नाही, तशीच मुठीत धरून बसलो. अनुजानं बघितलं आणि विचारलं, "काका, आर यू ओके?"

मी म्हटलं, "नाही गं. भीती वाटतेय."